डावीकडची जागा

भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं बिरप्पानं ताटाची उजवी बाजू पुसून काढली आणि हात थांबवला.

"चटणी केली न्हाईस व्हय आज?"

शेंगाचटणी ताटातच होती, डावीकडं, जिथं ती वाढतात तिथं. तिच्याशेजारी अर्धी भाकरी तशीच पडलेली. मायाक्काही त्याच्या डाव्या हाताला बसली होती, पण नवऱ्याच्या लेखी ती आणि चटणी, दोघी नव्हत्याच. तिनं ताट धरून अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडं आली.

"हाय की," म्हणत तो पुन्हा जेवायला लागला.

बिरप्पाचा व्यायाम घ्यायला आलेली फिजिओथेरपिस्ट सोनाली दारातून हे बघत होती.

मंद्रूपच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून बिरप्पाच्या डोक्याला मार लागला होता. दवाखान्यातून घरी आला, हातपाय सावरले, पण डावी बाजू हरवली ती हरवलीच. दाढी करायचा ती अर्ध्या तोंडाची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. घरच्यांना वाटलं, डोळा गेला.

"डोळे चांगले आहेत काकांचे," सोनाली म्हणाली. "डावीकडं काही असतं, हेच मेंदू विसरलाय. ताट फिरवू नका, काकू. मान त्यांची फिरली पाहिजे."

"उपाशी उठत्यात वो."

"एखादा घास कमी खातील."

तिनं ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. आधी पट्टी शोधायची, मगच घास. आणि काकूंनी बसायचं ते डावीकडंच.

खरं सांगायचं तर बिरप्पा आधी तरी कुठं बघत होता? कळपातलं एक मेंढरू मागं राहिलं तर माळाच्या या टोकावरून ओळखणारा गडी. बायको माहेरी जाऊन आली, हे मात्र त्याला सांगावं लागायचं. सोलापुरात येऊन टेम्पो चालवायला लागल्यावर मेंढरं सुटली आणि नजर त्या टेम्पोला चिकटली. मायाक्कानं कधी तक्रार केली नाही. आता हुकमानं का होईना, जेवताना त्यानं तिच्याकडं बघायचं होतं. तिनं ट्रंकेतलं लाल इरकल लुगडं बाहेर काढलं.

"काका, डावीकडं कोण बसलंय?" सोनाली विचारायची.

मान कुरकुरत वळायची. नजर पट्टीवर यायची, चटणीवर रेंगाळायची, मग कशीबशी लुगड्यापर्यंत पोचायची.

"कोन असंल? आमच्या कुमारची आय," तो म्हणायचा आणि भाकरीकडं परतायचा.

तेवढ्या एका नजरेसाठी मायाक्का सकाळपासून झुरायची. सुना आल्यावर असं झुरणं शोभत नाही, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

हळूहळू मान मोकळी झाली. भाकरी पुरी संपू लागली, चटणी न सांगता सापडू लागली. मायाक्का मात्र अजून विचारल्यावरच सापडायची. मग एक दिवस सोनालीनं पट्टी काढून टाकली.

"आता कुणी काही सांगायचं नाही. आपणहून वळतात का, बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मायाक्कानं ताट वाढलं आणि ती उभीच राहिली. चटणी तो शोधणार, भूक होती. तिला शोधायला त्याच्याकडं काय कारण होतं? शेजारी बसायचं आणि तो वळत नाही हे बघत राहायचं, एवढं बळ तिच्यात नव्हतं. इरकल तिनं सकाळीच घडी करून ठेवलं होतं. रोजच्या विटक्या लुगड्यात ती गुपचूप त्याच्या उजव्या, सोप्या बाजूला, जराशी मागं जाऊन टेकली.

तो खाली मान घालून जेवत होता. आमटी संपली. मान डावीकडं वळली. चटणी दिसली, पण हात तिकडं गेला नाही. नजर चटणीवरून पुढं सरकली, ताटाची कड ओलांडून फरशीवर गेली, रिकाम्या जागेवर थांबली. मान आणखी वळली. घास हातातच राहिला.

"कुटं गेलीस गं?" तो भिंतीला म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "मायाक्का?"

नाव घेतलं त्यानं. ती त्याच्यामागं हातभर अंतरावर होती, ओ द्यायचा तेवढा अवकाश. तिनं पदर तोंडाशी धरला.

जरा शोधू दे, असं मनाशी म्हणत ती गप्प बसून राहिली.