रेपेत्तोच्या नोटा

दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीकाठच्या बाजारात मासळी विकणारी निनेत्ता मूळची इटलीतल्या जेनोव्हाची. तिच्याच गावच्या रेपेत्तोने इथे बँक काढून स्वतःच्या नोटा चालवल्या होत्या. गव्हर्नरने लढाईसाठी मागितलेलं कर्ज त्याने नाकारलं, तेव्हा त्याच्या बँकेच्या नोटा बाद झाल्याची आणि यापुढे फक्त सरकारी नोटा चालतील अशी दवंडी पिटली गेली.

दुसऱ्या दिवशी निनेत्ताने गिऱ्हाइकाकडून रेपेत्तोचीच नोट घेतली. बाजारात पहाऱ्यावर असलेला शिपाई गुरकावला, "बाई, हा कागद मेला."

"मेल्याला एवढं कशाला भिता?" निनेत्ता म्हणाली. "हा दाखवला की रेपेत्तो सोनं देतो. तुमचे गव्हर्नरसाहेब त्यांच्या नोटेवर काय देतात?"

शिपायाने तिची टोपली लाथाडली. तिने मासे वेचून धुतले आणि नोट कमरेला खोचली.

शेजारची भाजीवाली ओरडली, "रेपेत्तोची नोट इकडेही चालेल."

त्या दिवसापासून सरकारी नोटेला बाजारात कुणी हात लावला नाही. पुढच्याच आठवड्यात गव्हर्नरने हुकूम मागे घेतला.