मोकळं व्हायचं ठरलं तेव्हा

पुढच्या दोन दातांमध्ये फट हवी होती. तांदळाचा दाणा जेमतेम बसेल एवढीच. गुलाबी मेणात रोवलेले ते दोन दात तिने नखाने किंचित दूर सारले, डोळा बारीक करून पाहिलं... अजून नाही. कवळ्या करण्यात तिची निम्मी हयात गेली होती; फट बुजवा म्हणणारे सगळे, फट ठेवा म्हणणारी ही पहिलीच आजी. डॉक्टर फोनवर हसत होते – आजोबा म्हणतात, फटीशिवाय ही माझी वाटायचीच नाही.

तिलाही हसू आलं, आणि हसता हसता सकाळ आठवली – नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून, गालावर फेस घेऊन स्वयंपाकघरात आलेला.

"झालं."

"काय झालं?"

"जमलं अगं. पुरेल आपल्याला. आज दोघांनीही कामावर सांगून टाकू, सोडतोय म्हणून."

पुरेल... या एका शब्दासाठी मुलगी रांगत होती तेव्हापासून पोटाला चिमटा घेतलेला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून आला की म्हणायचा, हातपाय धड आहेत तोवर काम थांबवू, लवकर थांबवू, मग आपणच आपले राजे. त्या 'मग'साठी जुने कोट उसवून मुलीच्या मापाचे केले, बस सोडून दोघं पायी चालली, आणि आइस्क्रीमच्या गाडीपुढे – कितीदा! – तिघांत एक घेऊन ती म्हणायची, "तुम्ही खा, माझे दात शिवशिवतात." कवळ्या करणारी बाई, आणि म्हणे दात शिवशिवतात! मुलीने मात्र ते खरं मानलं. आता दूर नोकरीला असते, तरी परवा फोनवर विचारत होती, "आई, दात दाखवलेस का गं?" – आणि हिने विषयच बदलला. खोटं इतकं मुरलेलं, की ते उसवायचं तर मुलीचं लहानपणच उसवायला लागलं असतं.

"झाली का गं आजींची?"

दारात बाई उभ्या. बाई म्हणजे या कवळ्यांच्या लॅबच्या मालकीण. मेण किती तापवायचं इथपासून सगळं यांनीच शिकवलेलं. आत्ता सांगावं... आत्ताच.

"बाई, मी..."

"हं?"

"...फट अजून जरा वाढवू का?"

"मला काय विचारतेस? हात तुझा," असं म्हणून बाई गेल्यासुद्धा.

का नाही बोलले मी? बाईंची भीती नव्हती. भीती – असलीच तर – घराची होती. अहो, दिवसभर घरी तुमच्यासमोर बसून मी बोलू तरी काय, तिने मनातच नवऱ्याला विचारलं. इतकी वर्षं बोलणं झालं ते पुढचंच: किती जमलं, किती राहिलं, अजून कुठे हात आखडता येईल. ते संपलं. आणि भर दुपारी हा माणूस दिसतो कसा, हेही तिला धड ठाऊक नव्हतं. रविवारीसुद्धा कुणाची ना कुणाची लिफ्ट अडकायचीच. मग एकदम तिला उमगलं, ही भीती नव्हेच, ही लाज आहे – चक्क लाज, लग्न ठरल्यावर वाटली होती तसली. या वयात! तिचे कान तापले. शेजारच्या टेबलाकडे चोरून पाहत ती पुन्हा मेणावर वाकली.

संध्याकाळी तो फाटकाशी उभा होता. कधी नव्हे तो. केस ओले करून विंचरलेले.

"सांगितलंस?"

"नाही." तिने नजर चुकवली. "तुम्ही?"

तो खाकरला. "एक म्हातारे गृहस्थ अडकले होते गं लिफ्टमध्ये. बाहेर काढल्यावर माझा हातच सोडेनात. मग साहेबांपुढे गेलो, म्हटलं आता सांगायचं, आणि... रजा मागून आलो. उद्या दुपारची."

"दुपारची? कशाला?"

"कशाला म्हणजे..." त्याने पायाने एक खडा उडवला. "बघू म्हटलं, जमतंय का. घरी बसायला. तूही काढ की."

ती हसली ते थांबेचना. तोही हसला, जरा ओशाळून. मग दोघं चालू लागली. काहीतरी बोलावं म्हणून तिने मनात शोधलं, तर हाताला काही लागेना. पण ते न लागणं टोचलंही नाही. काम सोडायचं की नाही, हा विषय दोघांनीही काढला नाही. त्याचं बोट मधूनच तिच्या बोटाला लागत होतं, आणि उद्या दुपारी काय करायचं हे तिला ठरवता येईना – इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ठरवावंसंही वाटेना.