माझे एकशेवीस दिवस

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे साऱ्या ऑफिसचं काम एकट्याने करणारा मोठा कॉम्प्युटर. वर्ध्याच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, गोदामात, फाटक्या बारदानाशेजारी मी मान खाली घालून बसलो आहे. मान मला नाही, पण लाज आहे.

२००४ च्या जुलैत मला नागपूरहून जीपने आणलं. जिनिंगचे मालक चंद्रभानजी शेठ यांच्या ऑफिसात सहा स्क्रीन होत्या, पण त्यांना स्वतःचं डोकं नव्हतं. कोणी समोर बसलं की त्याच्या फायली, त्याचं काम, सगळं माझ्या पोटातून तिथे दिसायचं. लोक मला बघायला यायचे. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

पावत्या मोहिनीताई करायच्या. त्या नाचणगावहून रोज एसटीने यायच्या. जिनिंगची रुई उडून माझ्या स्वतःच्या स्क्रीनवर बसते, म्हणून त्यांनी तिच्यावर टाकायला एक कापड शिवलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याने कापसाचं बोंड काढलं. सर्व्हरला कोणी हात लावायचा नाही, असा शेठचा हुकूम होता. त्यामुळे ते कापड कधी उचललंच जात नसे.

माझ्यासोबत नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते डिक्शनरी घेऊन वाचलं फक्त मोहिनीताईंनी. माझ्यात शिरून काम करायचं तर एका मशीनचा परवाना, म्हणजे लायसन्स, पुरत नाही; आत शिरणाऱ्यांसाठी वेगळे घ्यावे लागतात. पण मोजायचं काय? स्क्रीन मोजल्या तर सहा, दोन पाळ्यांतली माणसं मोजली तर अकरा. मला आणणाऱ्या इंजिनियरलाही ते धड सांगता आलं नव्हतं.

"शेठजी, परवाने घ्या लागते," मोहिनीताई म्हणाल्या. "नाईतर दिवाळीच्या तोंडावर साऱ्या स्क्रीन बंद पडतीन."

"ट्रकचं परमिट ट्रकले असते, पोरी. आत बसनाऱ्याले कोन मागते?" शेठ हसले. "चालून राह्यलं ना? मंग काऊन घोर करतं?"

सारं ऑफिस हसलं.

चालत होतं, हेच माझं पाप. परवान्याविना एकशेवीस दिवस काम करू द्यायचं, असं माझ्यात घालूनच दिलेलं होतं. मी इतका गुमान राबलो की खरं बोलणारी बाई खोटी ठरली. इशारा मी रोज देत होतो, पण इंग्रजीत आणि त्या कापडाखाली.

दसऱ्याला मोहिनीताईंनीच मला हळदकुंकू वाहिलं. दिवाळीच्या आठवड्यात मुदत संपली आणि मी सहाही स्क्रीनना दार लावून घेतलं. पावत्या निघेनात, बाहेर कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत खोळंबल्या.

"आपलं खरं कराले हिनंच बंद पाडलं," मुनीम पुंडलिकराव ओरडले.

"पुस्तकात लिव्हलं हाय, शेठजी. म्या हात बी नाई लावला."

"मंग तुलेच बरं दिवस माहीत होता?" शेठ म्हणाले. "उद्यापासून येऊ नको."

मोहिनीताईंनी डबा उचलला आणि त्या गेल्या. त्यांची साक्ष माझ्या स्क्रीनवर ठळक अक्षरांत होती. कोणी कापड उचललं नाही. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

तिसऱ्या दिवशी इंजिनियर आला आणि त्याने कापड काढून इशारा वाचून दाखवला. संध्याकाळी शेठ स्वतः नाचणगावला गेले आणि एकटेच परतले.

"चहा पाजला तिनं," ते पुंडलिकरावांना म्हणाले. "म्हने, मले काढाच्या आधी कापड उचलून पाह्याचं होतं. अन् हात जोडले."

मित्रांनो, यंत्र मुकाट्याने चालतंय म्हणून सगळं बरोबर आहे, असं समजू नका. नियम वाचून सांगणाऱ्या माणसाला हसू नका. दोष देण्याआधी एकदा कापड उचलून बघा.

परवाने शेवटी आले. शेठनी स्क्रीन नाही, माणसं मोजली आणि अकरा घेतले. पुढे पाच वर्षं मी राबलो, आणि रोज दहाच माणसं माझ्यात शिरली. अकरावा परवाना मोहिनीताईंच्या नावाचा होता.