येत नसेल तर डावा

थर्माकोलचा तो आयफेल टॉवर पाहिला की ऋतिकाला किळस यायची. कुठल्यातरी जुन्या बॅचच्या मुलीनं केलेला. बुडाशी उंदरांनी कुरतडलेला, वरून दर वर्षी नवा चंदेरी कागद फासलेला, आणि त्या कागदाखालून झुरळांचा वास. बी.एड. कॉलेजात फ्रेंचचा पाठ म्हटला की हे धूड टेबलावर हवंच. पाठ बाजाराचा असो नाहीतर घरातल्या माणसांचा, टॉवर आपला उभाच.

"एक्स्टर्नलना साहित्य दिसायला पाहिजे गं," मेघाली मॅडम म्हणायच्या. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, आणि मेघाली मॅडम म्हणजे ऋतिकाच्या मार्गदर्शक. त्यांचा विषय इंग्रजी. परकीय भाषा शिकवायची पद्धत घेतलेली अख्ख्या कॉलेजात ऋतिका एकटीच, म्हणून ती त्यांच्या गळ्यात पडलेली. फ्रेंचचं ओ की ठो कळत नसताना बाईंनी तिच्या प्रत्येक टाचणावर ‘छान’ असा शेरा मारला. एकदा तिनं वैतागून पाठाच्या टाचणात मधेच आईची तांदळाच्या भाकरीची कृती फ्रेंचमध्ये लिहून दिली. त्यावरही ‘छान’! आता अशा माणसाकडून शिकायचं तरी काय, सांगा.

पण सोडून जाणार कुठे? तिचं घर कोन गावात. बाबांची, म्हणजे काळूरामची, जमीन कधीच गोदामांखाली गेलेली. चुलतभाऊ धनेश गोदामाच्या ऑफिसात बसायचा आणि तिनंही तिथंच बसून ट्रकांचे गेटपास फाडावेत असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. "एसीत बस की गो बाय, मास्तरकी कशाला पायजे?" काका येता-जाता म्हणायचा. ती हट्टानं फ्रेंच शिकली, हट्टानं बी.एड.ला बसली. आता तर काळूराम नाक्यावर चहा पिताना ऐकेल त्याला सांगायचा, "आमची पोर परदेसी भाषा शिकवनार हाय." आणि जवळपास फ्रेंच शिकवणारी शाळा तिला ठाऊक होती ती एकच, कामतघरच्या रस्त्यावरची, जिथं ती इंटर्नशिप करत होती. तिथले सर ठाण्याला निघून गेले होते. मोठ्या मॅडमनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकांनी, तिला स्पष्ट सांगितलं होतं, "वार्षिक पाठ कसा होतो बघू. एक्स्टर्नल चांगलं बोलले तर जूनपासून तूच." पाठ बिघडला की गेटपास. इतकं सरळ होतं ते.

तिच्या आठवीच्या वर्गात अदीबा होती. निजामपुऱ्याची, खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर घर असलेल्या गल्लीतली. हुशार, पण बोलताना अडखळायची. पहिल्याच अक्षराला असा काही लोचा व्हायचा की अख्खा वर्ग खिदळायला लागायचा, आणि मग ती चिडीचूप. शिक्षक तिला विचारतच नसत. कशाला उगाच वेळ घालवा!

एकदा शाळा सुटल्यावर ती ऋतिकाच्या मागेमागे आली. "मॅडम, म-मला येतं. मी घरी लूमजवळ बोलते. खटखट चालू असली की मला कोणी ऐकत नाही. मग नीट येतं."

ऋतिकाच्या अंगावर काटाच आला. दोन वर्षांच्या त्या सगळ्या टाचणांत, तक्त्यांत आणि ‘अध्ययन-अध्यापन’च्या बडबडीत तिला पहिल्यांदा वाटलं, अरे, शिकवणं म्हणतात ते हे! मग रोज शाळा सुटल्यावर दोघी रिकाम्या वर्गात बसायच्या. बाजाराचा धडा होता. ऋतिका भाजीवाली व्हायची, अदीबा गिऱ्हाईक. आधी ऋतिका बाकावर दणादण पट्टी आपटून लूमचा आवाज करायची, मग हळूहळू पट्टी कमी करत न्यायची. महिनाभरानं अदीबानं पट्टीशिवाय, सगळ्या शांततेत, टोमॅटो कितीला ते विचारलं आणि अर्धा किलो मागितले. अडखळली, थांबली, पण पुरं केलं. पोरीचा चेहरा नुसता फुलला होता.

"ए-एक्स्टर्नल येतील तेव्हा मी हात वर करू?" तिनं विचारलं.

"कर की! मी तुलाच विचारीन," ऋतिका म्हणाली. शब्द दिला तिनं.

वार्षिक पाठाच्या आदल्या दिवशी मेघाली मॅडम वर्गात आल्या, दार लावून घेतलं, आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "उद्या काय करायचं, बाळांनो? प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मॅडम उजव्यांनाच विचारतील. कळलं?"

ऋतिका बघतच राहिली. पण पोरं? एकाही पोराच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्यांनी माना डोलावल्या, जशी रोजची प्रार्थना. कुठलीही तपासणी आली की त्यांच्याकडून हेच करून घेतलं जायचं म्हणे. तेरा वर्षांच्या पोरांना खोटेपणाचा असा सराव! घाण वाटली तिला, अगदी शिसारी आली.

मग मॅडम बाकांमधून फिरल्या आणि बोट दाखवत कोण उजवा, कोण डावा ते ठरवू लागल्या. अदीबापाशी थांबल्या. "ही डावी."

"मॅडम, तिला येतं," ऋतिका घाईनं म्हणाली.

"येत असेल गं राणी. पण ती बोलून संपवेपर्यंत एक्स्टर्नलना भूक लागायची." आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. मग दाराशी जाऊन वळल्या. "आणि तुमच्याकडचा जिताडा मासा आणशील ना उद्या? एक्स्टर्नल सरांना फार आवडतो."

ऋतिकानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईनं, हौसानं, पहाटे उठून जिताड्याचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या. "मास्तरला घाल पोटभर," ती म्हणाली, "पण पोरांना बी नीट शिकव गो." डबे स्टाफरूममध्ये ठेवून ऋतिका वर्गात गेली. टेबलावर टॉवर. शेवटच्या बाकावर एक्स्टर्नल सर, पोट बाकात मावत नसल्यानं आडवे बसलेले. त्यांच्या एका बाजूला मोठ्या मॅडम, दुसऱ्या बाजूला मेघाली मॅडम.

पाठ झकास सुरू झाला. टोपलीतले खरे टोमॅटो, खरी वांगी. मग तिनं तो प्रश्न विचारला, दुकानात जाऊन भाव कसा विचाराल?

सगळे हात वर गेले. काही उजवे, बरेचसे डावे. आणि मधल्या रांगेत अदीबाचा हात. उजवा. ताठ.

ऋतिकाचे ओठ तिचं नाव घ्यायला उघडलेसुद्धा. तेवढ्यात मागे मेघाली मॅडमनी डोळे मोठे केले आणि मान जराशी हलवली. मोठ्या मॅडम घड्याळ बघत होत्या.

"ओसामा," ऋतिका म्हणाली.

ओसामानं पाठ केलेलं वाक्य धाडकन म्हणून टाकलं. पुढचा प्रश्न. अदीबाचा हात तसाच. "नूरैन, तू." आणखी एक प्रश्न. आता अदीबानं दुखणाऱ्या उजव्या हाताला डाव्या हातानं टेकू दिला होता आणि ती ऋतिकाकडे टक लावून बघत होती, जणू मॅडमना दिसतच नसेल. ऋतिकानं नजर तिच्यावरून सरळ पुढे नेली. "हं, ओसामा, तूच सांग परत."

पाठ संपला. टाळ्या वाजल्या.

स्टाफरूममध्ये एक्स्टर्नल सर जिताड्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून चोखत होते. कालवण मनगटावरून ओघळत होतं, तेही चाटत होते. शी! मेघाली मॅडम त्यांची थुंकी झेलायलाच बसल्यासारख्या शेजारी. "वा! वर्ग फार छान," सर काटा थुंकत म्हणाले. "ती मधल्या रांगेतली पोरगी तेवढी चुकली. डावा करायचा सोडून उजवा करून बसली. पण तुम्ही सफाईनं सोडलंत तिला."

ऋतिका भाकरी वाढता वाढता थांबली. "सर, तुम्हाला... माहीत होतं?"

"अहो, आमच्या कॉलेजातही डावाच आहे!" त्यांनी खरकटा डावा हात उंच करून दाखवला, आणि सगळी स्टाफरूम खो खो हसली. मोठ्या मॅडमसुद्धा. म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कोणी कोणाला फसवत नव्हतं. नाटक बघायलाही कोणी नव्हतं, तरी ते मन लावून चाललं होतं, आणि त्यात पोरांना जुंपलं होतं. तिला भडभडून आलं. वाटलं, तो कालवणाचा डबा उचलावा आणि यांच्या अंगावर ओतावा.

"अजून एक भाकरी वाढ गं," मेघाली मॅडम म्हणाल्या.

तिनं वाढली.

शाळेच्या फाटकाशी अदीबा थांबली होती. "म-मॅडम, मी उजवा केला होता."

"हो गं. बघितला ना मी," ऋतिका म्हणाली. "वेळ कमी पडला."

अदीबानं तिच्याकडे नीट बघितलं. "हं," म्हणाली आणि निजामपुऱ्याच्या रिक्षात बसून गेली. शेण खाल्लं आपण, ऋतिकाला वाटलं, आणि ते जिताड्याच्या वासासकट दिवसभर तोंडात राहिलं.

नोकरी लागली. काळूरामनं नाक्यावर पेढे वाटले. जूनमध्ये ती तीच मुलं घेऊन नववीच्या वर्गात उभी राहिली. यायच्या आधी तिनं कॉलेजातून तो टॉवर मागून आणला होता आणि शाळेमागच्या कचऱ्यात स्वतःच्या हातानं मोडून टाकला होता. मेघाली मॅडमना काय वाटायचं ते वाटो. आज तिला मोकळं वाटत होतं. इथं आता तीच मॅडम होती.

"ऐका," ती म्हणाली. "या वर्गात डावा-उजवा काही नाही. चुकलं तरी चालेल, थांबलं तरी चालेल. कितीही वेळ लागू दे. बरं, मागच्या वर्षीचं सांगा. बाजारात टोमॅटोचा भाव कसा विचाराल?"

सगळे हात वर गेले. सवयच ती. मधल्या रांगेत अदीबाचाही होता. डावा.

हे वाक्य या पोरीला येतं, पट्टीशिवाय येतं, हे जगात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. "अदीबा," ती म्हणाली, "तू सांग."

अदीबानं हात खाली घेतला नाही. तिनं आधी मान वर करून आपल्या हाताकडे पाहिलं, बरोबर तोच आहे ना याची खात्री केली, आणि मग मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, हा डावा आहे," ती म्हणाली. एकदाही अडखळली नाही.