लातूर ते नांदेड, एक सळई

आमच्या लातूरच्या क्लासात पहिल्या बॅचला शिक्षक शिकवतात आणि दुसऱ्या बॅचला पडदा. पडद्यावर गेल्या वर्षीचे माझेच तास चालतात. दर चाचणीनंतर मुलं इकडून तिकडे हलतात. नायगावच्या अक्षराला यावेळी एकाच प्रश्नाने हलवलं.

प्रश्न मालकांनी, म्हणजे शिवकुमार सरांनी, स्वतः काढलेला. लातूरपासून नांदेडपर्यंत अखंड लोखंडी सळई आहे. इकडचं टोक ढकललं तर तिकडचं कधी हलेल? सरांचं उत्तर, त्याच क्षणी. अक्षराने 'काही वेळाने' वर खूण केली आणि तिची पहिली बॅच गेली.

भौतिकशास्त्र मी शिकवते, म्हणून ही उठाठेव मीच केली.

"सर, पोरीचं बरोबर आहे. सळईतला एक कण शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला. लोखंडातून आवाज ज्या वेगाने जातो, त्याच वेगाने धक्का जातो. नांदेडला पोचायला वीसेक सेकंद तरी लागतील."

"पण सळई कडक हाय की मॅडम. रबर थोडीच हाय?"

"कितीही कडक असली तरी थोडी दबतेच. अजिबात न दबणारी वस्तू फक्त पुस्तकात असते, गणित सोपं व्हावं म्हणून."

"मग पोरगी पुस्तकच शिकायलीय ना?"

पण सर अडाणी नव्हते. दार लोटून हळूच म्हणाले, "तुमचं पटलं मला. पण नांदेडच्या शाखेतबी हीच उत्तरं वाटली. आता बदलली तर तिथले पालक लगेच इथं येतील." पालकांना वेगाची मर्यादा नसते, हे मला तेव्हा कळलं.

अक्षरा पडद्यासमोर जाऊन बसली. मला सरांचा राग आला, त्याहून जास्त माझा.

पुढच्या चाचणीत सरांनी तोच प्रश्न परत टाकला. लाडका होता तो त्यांचा. अक्षराने यावेळी 'त्याच क्षणी' वर खूण केली आणि ती वर आली. सरांनी मला पेढा दिला. "बघा, सुधारली की न्हाई?"

तास संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "अक्षरा, तुझं पहिलं उत्तर..."

"बरोबर होतं, माहीत हाय मॅडम," ती दप्तर भरता भरता म्हणाली. "पण परत सांगू नका. चुकून पेपरात लिहून बसते मी."