काशीत सोडलेला गारवा

मी मुरुम गावच्या आण्णासाहेबांची अँबेसिडर बोलतेय. रंग पांढरा, म्हणजे होता. आता पोपडे आलेल्या भिंतीवानी दिसते. घरातली माणसं मला 'म्हातारी' म्हणतात. त्याचा मला राग येत न्हाय. म्हातारीला सगळं आठवत असतं, एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं.

या घरात आले तवा मला ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. पुढं मी नवरदेव मिरवले, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या, लग्नाहून परतताना पेंगलेली लेकरं मांडीवर घेतल्यागत आणली. माझी मागची सीट खाटेएवढी रुंद. त्याचा मला लई गर्व.

जन्मले तवा माझ्या पोटात गार हवेचं मशीन न्हवतं. ते बसवलं दिग्विजयनं, आण्णांच्या एकुलत्या एक लेकानं. त्याच्या आईला, कमलबाईला, ऊन सोसायचं न्हाय. कुठं निघाली की अर्ध्या वाटेतच तिचं डोकं उठायचं. म्हणून लेकानं मला सोलापुरात मुक्कामाला ठेवून मशीन बसवून आणलं, आईला मागं बसवलं आणि बटन दाबलं. ती म्हणाली, "आरं, माठातलं पाणी कसं, तसला वारा ह्यो." आण्णांना मात्र बंद काचेत कोंडल्यागत व्हायचं. ते पुढं बसायचे आणि काच खाली करून कोपर बाहेर काढायचे. सगळा गारवा बाहेर जातो म्हणून मायलेकरं त्यांच्यावर करवादायची.

मग दिग्विजय गेला. ऐन वैशाखात, शेतात, छातीत कळ येऊन. बांधावर कडुलिंबाची सावली होती, तिथवर पोचला न्हाय. त्याला घरी मीच आणलं. त्याचं जास्ती बोलत न्हाय.

अस्थी घेऊन घरातली सगळी काशीला गेली. मी न्हवते, पण माणसं गाडीत बसली की मन मोकळं करतात, तसं मला कळलं. तिथं, वारलेल्या माणसाच्या नावानं, आपलं आवडतं काहीतरी कायमचं सोडायची रीत आहे. कमलबाईनं सीताफळ सोडलं. एका चुलत दिरानं कारलं सोडलं. ते त्यानं जन्मात कधी खाल्लं न्हवतं. आण्णा म्हणाले, लेक उन्हात पडला, मी गाडीतला गारवा सोडला.

घरी आल्या आल्या त्यांनी माझं दार उघडलं, वाकले, आणि गार मशीनच्या तारांचा जुडगा इळ्यानं कापला.  मी काही मनात धरलं न्हाय. कमलबाई उंबऱ्यात उभी होती. तीही काही बोलली न्हाय.

वर्षं गेली. दिग्विजयची पोरगी हर्षाली मोठी झाली, मला चालवायला शिकली. आणि कमलबाईच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला न्यायचं. ती म्हणते, रगत धुवायला चालले. नव्या उंच गाडीत चढायला तिचा पाय उचलत न्हाय आणि बसून एवढी वाट निघत न्हाय. माझ्या सीटवर तिला आडवं होता येतं. म्हणून पुन्हा माझी पाळी.

थंडीचे दिवस बरे गेले. उन्हाळा लागला तसा माझा पत्रा तव्यागत तापायला लागला. मे महिन्यात एकदा नळदुर्ग मागं पडलं आणि कमलबाईची मान कलंडली. हर्षालीनं मला चिंचेखाली घेतलं, पदर भिजवून आजीच्या तोंडावर धरला. शुद्ध आली तवा कमलबाई एवढंच म्हणाली, "बाई, आता मला नेऊ नगस. घरीच पडू दे."

नेणं बंद केलं तर काय होणार, हे तिला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हर्षालीनं वायरिंगवाल्या विरुपाक्षला बोलावलं. आण्णा ओट्यावरून उठले आणि माझ्या दारापुढं आडवे उभे राहिले. काशीत सोडलेलं परत घ्यायचं न्हाय, म्हणाले. हर्षालीनं परोपरीनं सांगितलं. विरुपाक्षनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, तुम्ही सोडलं, पण उंदरांनी काय सोडलं न्हाय." कुणी हसलं न्हाय.

मग भिंतीचा आधार घेत कमलबाई बाहेर आली. पायरीवर बसली. दम खाल्ला.

"अहो, काशीत काय सोडायचं असतं?"

"आवडतं ते."

"कुणाचं? आपलं का दुसऱ्याचं?"

आण्णांनी माझ्या दाराची मूठ घट्ट धरली.

"पोरानं ते माझ्यासाठी बसवलं हुतं. तुम्ही कधी त्याचं बटन तरी दाबलं का? मी सीताफळ सोडलं, ते माझं हुतं. तुम्ही माझं सोडून आलात. मला इचारलं बी न्हाय."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"तुमचा लेक गेला हुता. तवा काय बोलू?"

आण्णांनी माझ्या दाराची मूठ सोडली. मग बाजूला सरले. "विरुपाक्षा, जोड," म्हणाले.

सोपं न्हवतं ते. धुळीनं सगळ्या तारा एका रंगाच्या झालेल्या. पहिली जोडली तर माझा हॉर्नच वाजत सुटला आणि गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. मग एकेक तार बल्ब लावून तपासली, सडलेली पाईप बदलली, गॅस भरला. बटन दाबल्यावर पोटात टक् झालं. आधी धूळ आली, मग गरम वाफ, आणि मग तो वारा.

सोलापूरला निघताना आण्णा पुढं बसले न्हाईत. मागं कमलबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. काच त्यांनी स्वतःच्या हातानं वर केली. वाटेत कमलबाईनं डोळे उघडले, म्हणाली, पायाला गार लागतंय.

आण्णांनी डोक्याचा पटका सोडला. तो पटका त्यांनी देवाशिवाय कुणापुढं उतरवला न्हवता. तो त्यांनी तिच्या पायावर पांघरला.

"अहो, पटका पायावर?"

"राहू दे," आण्णा म्हणाले.

हर्षालीनं आरसा वर फिरवला आणि नुसता रस्ता बघत राहिली. काचा बंद होत्या. म्हातारा माणूस रडला, ते बाहेर कुणाला ऐकू गेलं न्हाय.

अजून मी जाते-येते. चढाला धापते, पत्रा खालून गंजानं खाल्लाय. कुणीतरी हर्षालीला सांगत असतं, आता ही भंगारात घाल. घाला, माझं काही म्हणणं न्हाय. पण बायांनो, बापांनो, कमलबाई आहे तोवर थांबा. तिला अजून सोलापूरला न्यायचंय.