न ढळणारं निळं पाणी

हॉलमध्ये गर्दी अशी, की एका मुंगीला आत यायचं तर दुसरीने बाहेर जायला हवं. समोर टेबलावर निळ्या पाण्याचे दोन जग, त्यांतून भरलेले दोन ग्लास, आणि मागे फुंकरबाबा.

"फुंका आजी, नळीतून. पोटातलं पाप पाण्यात दिसेल."

सासूबाईंनी फुंकलं. निळं पाणी हिरवं झालं, मग पिवळं.

"विष," बाबा पुटपुटले. त्यांनी औषधाचा एक घोट पाजला. "आता या दुसऱ्यात."

सासूबाई गाल दुखेपर्यंत फुंकत राहिल्या. पाणी निळं ते निळंच.

"गेलं विष. सुया, गोळ्या टाका टोपलीत."

सासूबाईंनी इन्सुलिन टोपलीत टाकलं, तशी सोबत आलेली सून पुढे सरसावली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आम्ल घातलं तरी रंग न ढळणारं पाणी ती वर्गासाठी नेहमी बनवायची. तिला संशय आला तो दुसऱ्या ग्लासाचा.

"बाबा, मी घोट घेतलेला नाही. माझं विष दिसू दे," म्हणत तिने दुसऱ्याच ग्लासात फुंकलं. निळंच राहिलं.

"तू पुण्यवान, बाई."

"बरं. मग आई बऱ्या झाल्यात, त्यांना पहिल्या जगमधलं ताजं पाणी द्या."

"पुन्हा फुंकलं की कृपा उडते."

"एवढी हलकी कृपा?" सासूबाईंनी चष्मा सावरला, स्वतःच जग उचलला, ग्लास भरला आणि फुंकलं. पिवळं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"श्वासातल्या वायूने पाणी आंबट होतं, म्हणून रंग पालटतो," सून म्हणाली. "तुमचा, माझा, बाबांचा, कुणाचाही श्वास असो. दुसऱ्या ग्लासात क्षार घालून बफर केलंय. ते आंबटपणा मुकाट गिळतं, सून टोमणे गिळते तसं."

"माझ्याकडे का बघतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"पण गिळायलाही हद्द असते." तिने सरबतवाल्याकडून लिंबं मागून घेतली आणि दुसऱ्या ग्लासात पिळत गेली. बराच वेळ निळं तग धरून राहिलं. मग हिरवं झालं, आणि शेवटी पिवळं.

बाबा मागच्या दाराकडे सरकत होते. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण सगळे आपापली औषधं परत घ्यायला टोपलीवर तुटून पडले होते. बदललं होतं ते पाणी, माणूस नव्हे. आजार जिथल्या तिथे होता. म्हणून चमत्कार दाखवणाऱ्याला नमस्कार करण्याआधी एकदा ग्लास बदलून बघावा.

"माझं इन्सुलिन निळ्या डबीत आहे," गर्दीत कोपर खुपसत सासूबाई ओरडल्या. "आणि घरी चल, टोमण्यांचं बघते मी."